समोरच्याची बाजू

बाईंनी छत्तीस वर्षे महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले आणि त्या छत्तीस वर्षांत एका नियमाशी कधी तडजोड केली नाही. वर्गात कोणाचे म्हणणे खोडून काढायचे असेल, तर आधी ते म्हणणे त्याच्याहून चांगले मांडून दाखवायचे. समोरच्याने मान डोलावून "हो, मला हेच म्हणायचं होतं" असे कबूल केले, की मगच स्वतःचे मत उच्चारायचे. या नियमापुढे कित्येक वाचाळ पोरे मुकी झाली आणि काही मुखदुर्बळ मुली वक्त्या झाल्या. बाई स्वतःही त्याला अपवाद नव्हत्या. समोरच्याची बाजू सविस्तर मांडून झाली, की त्या चष्मा काढत, क्षणभर थांबत आणि म्हणत, "परंतु..." खरा तास तिथून सुरू होई. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव 'परंतुबाई' ठेवले होते. ते त्यांच्या कानावर आले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "यात नालस्ती कुठे आहे?"

निवृत्तीनंतर बाई मुलाकडे राहत. म्हणजे मुलगा आणि सून बाईंकडे राहत. घर बाईंचे होते आणि हे कोणाला सांगावे लागत नसे. मुलगा रस्त्यांच्या आखणीचे काम करी आणि घरातल्या आखणीपासून चार हात लांब राही. सून आधी शिवणवर्ग चालवत असे. वर्गातल्या बायकांनीच आग्रह धरून तिला निवडणुकीला उभे केले आणि निवडूनही आणले. गेली तीन वर्षे ती आपल्या प्रभागाची नगरसेविका होती.

सुनेच्या राजकारणाकडे बाई जरा वरूनच पाहत.

"तुमच्या सभागृहात माणसं विचार करायला जात नाहीत, हात वर करायला जातात," त्या म्हणत.

सून चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणे, "आई, तुमचा तास संपला की प्रश्न फळ्यावर राहायचा आणि मुलं डबा खायला जायची. आमचा तास संपला की प्रश्न उठून दारात येतो. मग हात वर केल्यावाचून कसं भागेल?"

हे बोलणे बाईंना आवडे. पण तसे त्यांनी कधी दाखवले नाही.

त्या वर्षी पालिकेपुढे नदीअलीकडचे प्रसूतिगृह बंद करण्याचा प्रस्ताव आला. बारा खाटांची ती बैठी इमारत कापडगिरणीच्या मागच्या गल्लीत होती. ती बंद करून तिथले डॉक्टर, परिचारिका आणि सामान पुलापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे, असे आरोग्य अधिकाऱ्यांनी सुचवले होते. सुनेने तर घरोघर जाऊन शब्द दिला होता, की मी असेपर्यंत हे प्रसूतिगृह बंद होणार नाही. एकवीस सदस्यांपैकी अकरा जण तिच्या बाजूचे होते. अकरापैकी एक जरी घसरला तरी सारे संपले असते.

म्हणून एके दिवशी ती बाईंपुढे येऊन बसली. "आई, नियमाप्रमाणे एका मान्यवर नागरिकाला सभागृहात बोलता येतं. सात मिनिटं मिळतात. तुम्ही बोलाल का? तुमचे विद्यार्थी आहेत तिथे तिघं-चौघं. अध्यक्षसुद्धा तुमचेच."

"तो अध्यक्ष? निबंध वेळेवर देत नसे तो."

"आता घंटा वेळेवर वाजवतो. येता ना?"

बाईंनी होकार दिला आणि मनापासून तयारीला लागल्या. आरोग्य अधिकाऱ्यांचा चाळीस पानी अहवाल त्यांनी तीनदा वाचला. अकरा दिवस त्यांच्या टेबलावर दुसरे काही नव्हते. अहवालाची भाषा इतकी रुक्ष आणि मांडणी इतकी विस्कळीत होती, की त्यातला चांगला युक्तिवाद गुदमरून पडला आहे, हे त्यांच्या शिक्षिकेच्या मनाला सहन होईना. त्यांनी तो बाहेर काढला, झटकला, त्याच्या पायऱ्या नीट लावल्या. स्वतःच्या बाजूसाठी काही वाचायची गरज त्यांना भासली नाही. ती तर स्वतःचीच बाजू होती. मुलगाही त्याच प्रसूतिगृहात जन्मला होता.

सभेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बाई उभ्या राहिल्या. कागद न पाहता, एकही शब्द वाया न घालवता त्या बोलू लागल्या. भूल देणारे डॉक्टर शहरात दोनच. ते दोन ठिकाणी वाटले, तर दोन्ही ठिकाणी अर्धेच मिळतात. रक्तसाठा अलीकडे नाही. अवघडलेली बाई इथून ऐनवेळी पलीकडे न्यावी लागते, आणि जे अंतर शांतपणे कापता आले असते ते घाबऱ्याघुबऱ्या कापावे लागते. जवळ आहे ते सुरक्षित, असे आपल्याला वाटते. पण जवळ असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आईच्या जिवाचा प्रश्न असताना सवयीला माया समजण्याची चूक आपण करू नये. मागच्या बाकांवरची माणसेही पुढे सरकून ऐकू लागली होती.

बाईंनी चष्मा काढला. क्षणभर थांबल्या.

"परंतु..." त्या म्हणाल्या, आणि घंटा वाजली.

अध्यक्ष अवघडून म्हणाले, "बाई, वेळ संपली."

"मी आत्ता सुरुवात करते आहे."

"सात मिनिटं झाली, बाई. नियम सगळ्यांना सारखा, हे तुम्हीच शिकवलंत."

सुनेने उठून दोन मिनिटे वाढवून मागितली. समोरच्या बाकांवरून अत्यंत सभ्यपणे हरकत आली. मग टाळ्या झाल्या, त्याही समोरच्याच बाकांवरून. आरोग्य अधिकारी उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, वर्षभर मला हेच म्हणायचं होतं. बाईंनी ते माझ्याहून चांगलं मांडलं."

छत्तीस वर्षे जे वाक्य ऐकण्यासाठी बाईंनी जिवाचे रान केले, ते त्या दिवशी त्यांना बसल्या जागी मिळाले.

मतदान झाले. प्रस्तावाच्या बाजूने अकरा, विरुद्ध दहा. घसरलेला एक जण म्हणजे बाजारातले लोखंडी सामानाचे दुकानदार. त्यांना सारे 'लोखंडवाले' म्हणत.

घरी आल्यावर सुनेने शिवणाचे मशीन उघडले आणि तासभर पडद्यांना पट्ट्या शिवल्या. मुलाने दोघींकडे आळीपाळीने पाहिले आणि कामाचे नकाशे उचलून तो बाहेर पडला. दारातून एवढेच म्हणाला, "दोन्हीकडून वाहतूक सुरू झाली की कळवा."

अखेर बाईच म्हणाल्या, "बोल काय बोलायचं ते."

सुनेने मशीन थांबवले. "तुम्ही मुद्दाम नाही केलंत, आई, हे मला माहीत आहे. त्याचाच जास्त राग येतोय. मुद्दाम केलं असतंत तर निदान भांडता आलं असतं."

"समोरच्याची बाजू आधी मांडल्याशिवाय आपल्या बाजूला वजन येत नाही."

"तासाभराच्या तासात येत असेल. सात मिनिटांत तुम्ही साडेसहा त्यांना दिलीत. आणि उरलेल्या अर्ध्यात चष्मा काढलात!"

 

एक वाट उरली होती. महिन्याभरात ठरावावर फेरविचार मागता येत असे. मात्र त्या अर्जावर ठरावाच्या बाजूने मत दिलेल्या एका तरी सदस्याची सही लागे. हरलेल्यांनीच पुन्हा पुन्हा तोच विषय उकरून काढू नये, म्हणून हा नियम. सुनेने लोखंडवाल्यांकडे दोन खेपा घातल्या. ते नम्रपणे नाही म्हणाले.

"मी जाते," बाई म्हणाल्या.

"नका जाऊ. तुम्ही त्यांना पुन्हा पटवून याल."

"सासूशी असं बोलतात?"

"सासूनं पण सुनेची बाजू पाडू नये," सून म्हणाली. पण त्या दिवसानंतर प्रथमच तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसले.

लोखंडवाल्यांचे दुकान अरुंद आणि लांब होते. दोन्ही भिंतींना साखळ्या टांगलेल्या, खाली बिजागऱ्यांचे आणि स्क्रूंचे डबे. त्यांनी बाईंना स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः खिळ्यांच्या खोक्यावर बसले.

"मी कशासाठी आले, ते तुम्हाला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. पण आधी माझं ऐका, बाई. पंधरा वर्षं मी सभागृहात आहे. गटनेत्यांचा हात वर गेला की माझा जायचा. त्यांनी जांभई द्यायला हात उचलला, तेव्हाही एकदा गेला होता माझा. त्या दिवशी तुमचं ऐकलं आणि पहिल्यांदा माझा हात मला विचारून वर गेला. पक्षानं कान धरले, बायको बोलली नाही दोन दिवस. तरी मला बरं वाटत होतं. आणि आता तुम्हीच सांगायला आलात, की तो खाली घ्या?"

बाई सही मागायलाच आल्या होत्या. पण हा समोर बसलेला गृहस्थ म्हणजे त्यांच्या छत्तीस वर्षांच्या कामाचे फळ होते. त्याला विचार न करता सही कर म्हणायचे, तर तो वर्ग, तो फळा, ते सारे कशासाठी होते?

"नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "हात खाली घ्या, असं मी म्हणणार नाही. पण माझं म्हणणं अर्धवट राहिलं. ते पुरं ऐकाल का?"

"तेच तर म्हणतोय मी. 'परंतु'च्या पुढचं सांगा."

बाईंनी बोलायला सुरुवात केली. आपुलकीच्या जागेविषयी त्या बोलल्या, गरिबांच्या हक्काविषयी बोलल्या, शहराने आपल्या लेकीबाळींना दूर लोटू नये असेही म्हणाल्या. लोखंडवाले लक्ष देऊन ऐकत होते. हातातला बोल्ट ते बोटांनी फिरवून पाहत होते, तसाच बाईंचा एकेक शब्द फिरवून पाहत असावेत.

"रागावू नका," ते म्हणाले, "पण हे भाषण झालं. त्या दिवशी तुम्ही बोललात, त्यातला प्रत्येक मुद्दा हाताला लागत होता. यात धरायला काही नाही."

 समोरच्या बाजूवर बाईंनी अकरा दिवस घालवले होते, स्वतःच्या बाजूवर एकही नाही. ती आपली आहे म्हणून ती खरी आहे, असे त्या धरूनच चालल्या होत्या. एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर त्याला त्यांनी वर्गाबाहेर उभे केले असते.

"मला बारा दिवस द्या," त्या उठत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वही घेऊन बाई प्रसूतिगृहात गेल्या आणि दारालगतच्या बाकावर बसल्या. तिथल्या मोठ्या सिस्टर रक्तदाबाचे यंत्र गळ्यात अडकवून आल्या.

"कोणाबरोबर आलात, आजी?"

"कोणाबरोबरच नाही. मला पाहायचं आहे."

"पाहा की. पण त्या बाकावर नका बसू. तो पाय सुजलेल्यांसाठी आहे. तिथे स्टूल आहे बघा."

आयुष्यात बाईंना कोणी असे उठवले नव्हते. त्या निमूटपणे स्टुलावर जाऊन बसल्या.

पहिले दोन दिवस त्यांना काहीच दिसले नाही. मूल जन्माला येण्याची त्या वाट पाहत होत्या आणि तिथे तर क्वचितच एखादे जन्मे. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले, की त्या भलत्याच गोष्टीकडे पाहत आहेत. साडेदहाला गिरणीची अर्ध्या तासाची सुट्टी होई. तेव्हा पंधरा-वीस पोटुशा बायका लगबगीने येत, सिस्टर एकेकीचा दाब पाहत, पायावर बोट दाबून पाहत, "मीठ कमी केलंस का? खोटं बोलू नकोस, पाय बोलतोय तुझा," असे दरडावत, आणि अकराच्या भोंग्याला त्या साऱ्या परत गेलेल्या असत.

"पुलापलीकडे तपासायला जाल का?" बाईंनी एकीला विचारले.

"अर्धा दिवस जातो हो तिकडे. रजा कोण देतंय? अगदीच दुखायला लागलं की जाईन."

बाईंनी ते वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले. बारा दिवसांत तिथे चार मुले जन्मली. तपासण्या मात्र दोनशे सोळा झाल्या, आणि त्यांतल्या तिघींना सिस्टरने दाब वाढलेला पाहून वेळीच पलीकडे धाडले. अहवालाच्या चाळीस पानांत या अर्ध्या तासाचा उल्लेख नव्हता. अधिकाऱ्यांनी खाटा मोजल्या होत्या. खाटेवर न पडता गेलेल्या बायका त्यांच्या मोजणीत आल्याच नव्हत्या.

पण नवव्या दिवशी बाईंनी आणखी एक गोष्ट पाहिली. एक मुलगी वेदनांनी काळीनिळी झाली, भूल देणारा डॉक्टर पलीकडे होता आणि रुग्णवाहिका पुलावर पाऊण तास अडकली. मुलगी वाचली, बाळही वाचले. मात्र तो पाऊण तास सिस्टर तिचा हात धरून बसल्या होत्या, आणि ती गेल्यावर त्या मागच्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आल्या. म्हणजे अधिकाऱ्यांचेही खोटे नव्हते. तेही बाईंनी वहीत लिहिले. न लिहिण्याचा मोह त्यांना झाला नाही, असे म्हणता येणार नाही.

मग त्या लोखंडवाल्यांना दोन सकाळी तिथे घेऊन आल्या. त्यांच्याजवळ बाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त वही त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी अकराच्या भोंग्यानंतर लोखंडवाले रिकाम्या झालेल्या खोलीकडे पाहत म्हणाले, "सही करतो. पण मत काय देईन, ते आत्ता विचारू नका."

"विचारणार नाही," बाई म्हणाल्या. घरी आल्यावर हे ऐकून सुनेने कपाळाला हात लावला.

फेरविचाराची सभा भरली. बाई प्रेक्षकांत होत्या. या खेपेला त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता. लोखंडवाले उठले आणि त्यांनी पंधरा वर्षांतली आपली पहिली दुरुस्ती मांडली. बाळंतपणे पुलापलीकडेच व्हावीत. मात्र अलीकडची इमारत बंद होऊ नये. मोठ्या सिस्टर आणि रोजची तपासणी तिथेच राहावी, आणि दाराशी एक रुग्णवाहिका कायम उभी असावी. सभागृहात कुजबुज सुरू झाली. दोन्ही बाजू सारख्याच नाराज दिसत होत्या. अध्यक्षांनी दहा मिनिटांची विश्रांती जाहीर केली.

सून तडक बाहेरच्या व्हरांड्यात आली आणि बाईंना खांबाआड घेऊन गेली. "मी पाठिंबा दिला तर हे होतं. नाही दिला तर दुरुस्ती पडेल आणि मूळ ठराव राहील, सगळंच बंद. पण मी घरोघर सांगितलंय, आई, की बाळंतपणं इथेच होतील. काय करू?"

"बघ, याला दोन..." बाईंनी सुरुवात केली.

"दोन बाजू मला दिसतायत. मीच उभी आहे त्या दोन्हींच्या मधे. आज मला एकच द्या."

बाईंनी सुनेकडे पाहिले. तिच्या कपाळावर घाम होता आणि एकेकाळी शिवणवर्ग चालवणाऱ्या तिच्याच पदराची एक कड उसवली होती. जे उत्तर द्यायचे ते चुकूही शकेल, आणि चुकले तर ते खोडायला उद्याचा तास नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

"घे ती दुरुस्ती," त्या म्हणाल्या.

"शब्द मोडेल माझा."

"अर्धा मोडेल. आणि त्या मोडण्यात माझाही हात आहे. मी येईन तुझ्याबरोबर सांगायला."

सून आत गेली. दुरुस्ती चौदा विरुद्ध सात मतांनी मंजूर झाली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गिरणीमागच्या चाळीत गेल्या. पहिल्याच दारात एक आई बसली होती, तिची सात महिन्यांची गरोदर लेक आत होती. सुनेने तिला काय ठरले आणि काय ठरले नाही, ते काही न लपवता सांगितले.

ती आई उसळली. "म्हणजे बाळंतपण पलीकडेच ना? मग मत मागायला आलात तेव्हा काय म्हणाला होतात? माझी ही पोर तिथंच जन्मली. तुमच्या भरवशावर राहिलो आम्ही. आणि तिकडे सभेत म्हणे कोणी मोठी शिकलेली बाई उभी राहिली आणि त्यांचीच री ओढून बसली. कोण होती ती?"

सुनेने तोंड उघडले. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. तो नियम, ती वेळ, ती घंटा हे सारे समजावून सांगता आले असते. आणि या माउलीचा राग तिच्याहून चांगल्या शब्दांत मांडूनही दाखवता आला असता.

"मी होते," बाई म्हणाल्या. "चूक माझी झाली. हिची नाही."

त्या आईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. आतून लेक म्हणाली, "आई, ह्याच त्या. रोज स्टुलावर बसायच्या बघ, वही घेऊन."



"मग उभ्या का?" ती आई शेवटी फणकाऱ्याने म्हणाली आणि दारातली चटई पायाने सरळ केली. "बसा. शेजारच्या तिघींना हाक मारते. त्यांनाही विचारायचंय पुष्कळ. सगळ्यांना एकदमच द्या उत्तरं."

बाई गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसल्या. सून त्यांच्या शेजारी बसली.